पहिली ब्रिटिश प्रिंट: गॅलरीतून घ्यावी की लिलावातून?

इंग्लंडात राहता आहात आणि विसाव्या शतकातल्या एखाद्या ब्रिटिश कलाकाराची सही असलेली प्रिंट, म्हणजे ठोकळ्यावरून किंवा शिळेवरून कागदावर छापलेलं चित्र, घरात हवी आहे, तर वाटा दोन. एक लंडनच्या कॉर्क स्ट्रीटवर असतात तशा गॅलऱ्यांची, दुसरी लिलावाची. माझं मत आधीच सांगते: पहिली खरेदी गॅलरीतूनच करा, चार पैसे जास्त गेले तरी.

किती जास्त जातात तेही बघू. लिलावात हजार पौंडांवर हातोडा पडला, म्हणजे चित्र हजारात पडलं असं नाही. वर खरेदीदाराचं कमिशन येतं. ते 26 टक्के धरलं तर 260 पौंड. कमिशनवर 20 टक्के व्हॅट, म्हणजे आणखी 52. ब्रिटिश कलाकार हयात असेल किंवा त्याला जाऊन 70 वर्षं झाली नसतील, तर पुनर्विक्री हक्काचे (चित्र पुन्हा विकलं गेलं की कलाकाराला किंवा वारसांना मिळणारे) 4 टक्केही बहुधा तुमच्याच बिलात, म्हणजे 40. झाले 1352. गॅलरी त्याच चित्राचे अठराशे सांगेल, पण तिथे मोकळेपणाने विचारलं तर थोडं कमी होतं.

उरलेल्या फरकात काय मिळतं? मुख्य म्हणजे कागद हातात घेऊन बघायला मिळतो. ते का महत्त्वाचं, हे लिनोकटांवरून, म्हणजे लिनोलियम कोरून केलेल्या ठोकळ्यांच्या छापांवरून, कळतं. 1929 मध्ये लंडनच्या रेडफर्न गॅलरीत ब्रिटिश लिनोकटांचं पहिलं प्रदर्शन भरलं. ते जुळवून आणणाऱ्या क्लॉड फ्लाइट यांना ही चित्रं सामान्य माणसाला परवडावीत असं मनापासून वाटायचं. आज त्यांचे विद्यार्थी सिरिल पॉवर आणि सिबिल अँड्र्यूज यांची गाजलेली लिनोकटं हजारो पौंडांना जातात. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, वर पातळ जपानी कागद, आणि कागदाची पाठ चमच्यासारख्या वस्तूने घासून घेतलेला छाप. म्हणून अशा चित्राची पाठ बघायलाच हवी: रंग कुठे आरपार उतरलाय, घासल्याची चमक आहे का, जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी डाग समासात शिरलाय का. चांगल्या गॅलरीत सांगितलं की फ्रेममधून काढून समोर उलटी करून दाखवतात.

मी पहिली प्रिंट एका लिलावातून, नुसता फोटो बघून घेतली होती. घरी आणून फ्रेम उघडली तर समास चित्रालगत कापलेले, आणि अख्खा कागद पुठ्ठ्यावर डकवलेला. पेन्सिलने घातलेला आवृत्तीचा आकडा, म्हणजे किती प्रतींपैकी ही कितवी ते, समासाबरोबरच गेला होता. परत देण्याची सोय नव्हती. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या कागदासाठी.

तरीही लिलाव वाईट नाही. जी प्रिंट मोठ्या संख्येने छापली गेली, तिच्यासाठी मी आजही लिलावच बघते. 1946 पासून ब्रेंडा रॉन्सली यांनी शाळांच्या भिंतींसाठी प्रकाशित केलेल्या स्कूल प्रिंट्स घ्या. फ्रेमशिवाय लावता याव्यात म्हणून या शिळाछाप चित्रांना चौकटही छापलेलीच असे. चौकट चारही बाजूंनी शाबूत आहे का, हे फोटोतसुद्धा कळतं. आधीच्या विक्रीचे भाव सापडतात. मनात आकडा ठरवायचा, कमिशन धरून, आणि त्यापुढे हात वर करायचा नाही.

गॅलरीबद्दल एक गोष्ट आपल्या जवळची. गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा 1949 मध्ये लंडनला गेले आणि सुरुवातीची वर्षं हलाखीत काढली. 1955 मध्ये व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांनी आपल्या गॅलरी वनमध्ये सूझांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा दिवस पालटले. नाव व्हायच्या आधी भिंत देणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम लिलावघर करत नाही. म्हणून हयात कलाकाराची प्रिंट तर मी डोळे मिटून गॅलरीतूनच घेईन.

पैसे देण्याआधी बिलावर कलाकाराचं नाव, वर्ष, तंत्र, आवृत्तीचा आकडा, सही हाताची की छापलेली, आणि कागदाची दुरुस्ती झाली असल्यास तीही लिहून मागा. कुणी टाळाटाळ केली, तर चित्र कितीही आवडलं असलं तरी तिथेच ठेवून या.