बुमथांग, भूतान: घाईत असाल तर जाऊच नका

पारो-थिंफू करून परत फिरणारे बरेच जण बुमथांग सोडून देतात, कारण रस्ता. थिंफूहून गाडीने अख्खा दिवस जातो, वाटेत पेले ला आणि योतोंग ला या ३,४०० मीटरच्या आसपासच्या खिंडी, वळणं काही संपत नाहीत, गाडी लागत असेल त्यांनी गोळी आधीच घ्या. पारोहून छोटं विमान जातं, पण हवा बिघडली की ते रद्द होतं. एवढं करून एका रात्रीसाठी जाणार असाल तर खरंच नका जाऊ.

राहायचंच असेल तर मात्र एक नंबर. चोखोर, चुमे, तांग आणि उरा अशी चार खोरी मिळून बुमथांग होतं, सगळीकडे पाईनचं जंगल आणि मधे बकव्हीटची (कुट्टूची) शेतं. जंबे ल्हाखांग हे बौद्ध मंदिर सातव्या शतकातलं मानतात, तिथे म्हाताऱ्या बायका जपमाळ घेऊन दिवसभर फेऱ्या मारत असतात, कोणी तुमच्याकडे बघतही नाही, दुकानदारी नाही, रांग नाही. आत फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे. जवळच पेमा लिंगपा या बौद्ध संतांनी १५०१ मध्ये बांधलेलं तामशिंग मंदिर, तिथे त्यांनीच बनवलेलं म्हणतात असं लोखंडी कड्यांचं चिलखत आहे, ते खांद्यावर घेऊन तीन प्रदक्षिणा मारल्या की पापं जातात. आमच्या ह्यांनी एका फेरीतच खाली ठेवलं, बाकीची पापं अजून शिल्लक आहेत.

पण मला सगळ्यात आवडलं ते चुमे. झुंगने गावात रस्त्याला लागूनच याथ्राची दुकानं आहेत. याथ्रा म्हणजे मागावर विणलेलं जाड लोकरी कापड, भडक रंग, भौमितिक नक्षी, हाताला आपल्या घोंगडीसारखंच खरखरीत, त्यामुळे शाल म्हणून गळ्यात घ्याल तर टोचेल, जाकीट किंवा बैठकीवर टाकायला घ्या. काही दुकानांत बाई समोरच विणत बसलेली असते, बघत बसलं तरी घ्याच म्हणून मागे लागत नाही. फक्त रंग कुठला ते विचारा हां, मंजिष्ठा वगैरेचा नैसर्गिक रंग महाग असतो आणि रेडिमेड रंगाचा मालही त्याच फळीवर ठेवलेला होता, आम्ही विचारल्यावरच दुकानदाराने सांगितलं, आपणहून नाही.

जेवायला बकव्हीटची धिरडी (खुले म्हणतात) आणि एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, तिथे मिरची ही भाजीच असते हे लक्षात ठेवून वाढून घ्या. शाकाहारींचे हाल होत नाहीत. आमच्या गेस्ट हाऊसची खोली लाकडी, बुखारी (खोली गरम करायची शेगडी) मस्त तापायची, पण गरम पाणी सकाळी दोन बादल्यांतच संपायचं आणि तक्रार केली की नुसतं हसायचे, तिथे एक स्टार कापला.

खर्चाचं म्हणाल तर भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये सरकारी फी आहे, हॉटेल-गाडी वेगळं. चलन रुपयाला समान आहे, कॅश थिंफूलाच काढून ठेवा.