शेफच्या मनचं की मेनूकार्डावरचं?

लग्नाच्या वाढदिवशी दोघंच जेवायला जायचं, तेही थेट शेतातून माल आणणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये, तर आधी एवढं ठरवा: शेफने ठरवलेला मेनू घ्यायचा की कार्ड बघून मागवायचं?

माझं मत ठरलेल्या मेनूला. त्या दिवशी शेतातून जे आलं तेच ताटात येतं. मटार तोडला की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो; सकाळी तोडलेला रात्री खाल्ला तर दाणा दाताखाली फुटतो आणि गोड लागतो. शिवाय कार्डात डोकं घालून बसावं लागत नाही, गप्पा सुरू राहतात. मात्र पदार्थ एकेक करून येतात, त्यामुळे हाताशी निवांत वेळ हवा. ॲलर्जी असेल तर ती बुकिंग करतानाच सांगा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९७१ साली सुरू झालेलं 'शे पनीस' हे रेस्टॉरंट अशा ठरलेल्या मेनूसाठीच गाजलं. आवडीप्रमाणे मागवता येईल असा कॅफे तिथे वरच्या मजल्यावर १९८० मध्ये आला.

भूक बेताची असेल किंवा दोघांपैकी एकाच्या आवडीनिवडी फार असतील, तर कार्डच बरं. दोन वेगळे पदार्थ मागवा आणि अर्धं खाऊन झालं की ताटं बदला.