हार्पर की बेली? हरलेल्या रटगर्समधून कोणाला उचलायचं

२०२३-२४ च्या मोसमात न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ १५ सामने जिंकला आणि १७ हरला. पुढच्या वर्षी संघात दोन पोरं दाखल झाली, डिलन हार्पर आणि एस बेली. शाळकरी खेळाडूंच्या बहुतेक राष्ट्रीय क्रमवाऱ्यांत त्या वर्षी कूपर फ्लॅग पहिला आणि त्याच्या लगेच मागे हे दोघं. एकही सामना व्हायच्या आत एपी या वृत्तसंस्थेच्या देशातल्या पहिल्या २५ संघांच्या यादीत रटगर्स २५वा. हे विद्यापीठ १९७६ साली एकही सामना न हरता फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलं होतं, पण त्यानंतर बराच काळ बास्केटबॉलमध्ये त्याचं नाव कोणी फारसं काढत नव्हतं. विद्यापीठाजवळच्या पिस्कॅटवे-एडिसन पट्ट्यात मराठी घरं काही कमी नाहीत आणि त्यांतली कितीतरी मुलं रटगर्सलाच जातात. क्रिकेटपलीकडे कधी मान न वळवलेले काका लोकही त्या हिवाळ्यात हार्परचं नाव घेऊ लागले.

मोसम संपला तेव्हा हिशोब काय? १५ विजय, १७ पराभव. तोच्या तोच. बिग टेन या आपल्या लीगमध्ये ८-१२ (आठ जिंकले, बारा हरले), एनसीएए या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं नाहीच. आणि तरीही जून २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात तिथे, हार्पर दुसरा गेला, बेली पाचवा.

म्हणजे प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे: वासरांत लंगडी गाय शहाणी, की गाय खरंच चांगली आणि गोठा वाईट? विद्यापीठाचा संघ निवडायला बसलेल्या प्रत्येकाला हा पेच पडतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेज दुसऱ्या दिवशी घरी, पण त्यातली दोन मुलं डोळ्यांत भरलेली. जागा एकच. कोणाला घ्यायचं?

आधी आकडे शेजारी शेजारी ठेवू.

| | हार्पर | बेली |
|---|---|---|
| सामने | २९ | ३० |
| गुण (सरासरी) | १९.४ | १७.६ |
| रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) | ४.६ | ७.२ |
| असिस्ट (ज्या पासवर लगेच गुण झाला) | ४.० | १.३ |
| मैदानी शॉट | ४८.४% | ४६.०% |
| थ्री पॉइंटर (लांबून, तीन गुणांचा शॉट) | ३३.३% | ३४.६% |
| फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा शॉट) | ७५.०% | ६९.२% |

गुणांच्या ओळीवर बोट ठेवून बसू नका. हरणाऱ्या संघात कोणीतरी गुण करतोच; चाळीस मिनिटं खेळायचं तर कोणाला तरी बॉल बास्केटकडे फेकावाच लागतो. थ्री पॉइंटरमध्येही दोघांत फरक नाही, आणि दोघंही त्यात बेताचेच. माझी नजर असिस्टच्या ओळीवर अडते. बेलीचे सामन्याला जवळजवळ दोन टर्नओव्हर होते, म्हणजे बॉल पोचता केला त्यापेक्षा जास्त वेळा घालवला. हार्परचं गणित बरोबर उलटं. ज्या संघात पास दिल्यावर समोरचा शॉट चुकवण्याचीच शक्यता जास्त, तिथे चार असिस्ट काढणं सोपं नाही. नीट शॉट घालणारी चार माणसं भोवती असती तर हाच आकडा सहज वाढला असता.

उंची मी मुद्दाम तक्त्यात घातली नाही. रटगर्सने बेलीची उंची ६ फूट १० इंच छापली होती. ड्राफ्टआधीच्या मोजमापात बूट काढल्यावर ती ६ फूट साडेसात इंच निघाली. हार्पर ६ फूट ६ चा ६ फूट साडेचार झाला. कॉलेजच्या पत्रकातली उंची ही लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखी असते, दोन-तीन इंच सोडूनच धरायची. पण बेलीच्या बाबतीत ते अडीच इंच महत्त्वाचे आहेत. सहा-दहाचा पोरगा गार्डसारखा (बॉल हाताळणाऱ्या, तुलनेने बुटक्या खेळाडूसारखा) शॉट मारतो ही एक गोष्ट. सहा-साडेसातचा मारतो म्हटल्यावर तो विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारा एक चांगला शूटर ठरतो, आणि असे शूटर आणखीही सापडतात. हार्परचा दीड इंच गेला तरी त्याचे हात लांब आहेत आणि पॉइंट गार्डसाठी, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्यासाठी, ती उंची भरपूर आहे.

आता आकडे बाजूला ठेवून नुसता खेळ बघा.

हार्पर डावखुरा. वरच्या बाजूला स्क्रीन घेऊन (साथीदार बचावपटूच्या वाटेत उभा राहतो) तो डावीकडे निघतो आणि तिथे त्याची खरी खुबी दिसते: तो घाई करत नाही. बचावपटू मागे राहिला की त्याला कमरेवर अडकवून ठेवतो, एक ड्रिबल जास्तीचा घेतो आणि समोरचा उंच सेंटर (बास्केटखाली राखण करणारा खेळाडू) एक पाऊल पुढे येईपर्यंत थांबतो. सेंटर आला की खाली मोकळ्या झालेल्या माणसाला पास. नाही आला की खांदा घालून थेट लेअप, म्हणजे बास्केटजवळून हलका शॉट. अंगाला अंग लागलं तरी हात सरळ राहतो, त्यामुळे फ्री थ्रोच्या रेषेवर तो बेलीपेक्षा बराच जास्त वेळा जातो. पाच एनबीए विजेतेपदं मिळवलेल्या रॉन हार्परचा हा मुलगा. आईसुद्धा शाळेच्या संघाची कोच. थोरला भाऊ रॉन ज्युनियर रटगर्सकडूनच खेळून गेलेला. घरात जेवताना पिक अँड रोलची (स्क्रीन देऊन बास्केटकडे वळण्याच्या चालीची) चर्चा होत असेल तर पोराला वाट बघायला शिकवावं लागत नाही.

बेलीचा खेळ वेगळ्याच जातीचा. कोपऱ्याकडे किंवा पंधरा-सोळा फुटांवर बॉल हातात येतो, एक-दोन ड्रिबल, आणि तो सरळ वर उठतो. बॉल सुटतो इतक्या उंचीवरून की बचावपटूचा हात तोंडासमोर असूनही त्याला फरक पडत नाही. अशा कठीण शॉटची मालिका लागली की प्रेक्षक वेडे होतात, आणि का होऊ नयेत? इंडियानाविरुद्ध त्याने ३९ गुण ठोकले. पण तो सामना रटगर्स ८४-७४ असा हरलं, म्हणजे बाकी सगळ्यांचे मिळून ३५. यात बेलीचा दोष किती आणि बाकीच्यांचा किती, हाच तर वाद आहे. माझं मत असं की शॉट कठीण होता म्हणून टाळ्या वाजतात, पण तो कठीण का झाला हे कोणी विचारत नाही. बऱ्याचदा एक पास आधी दिला असता तर दुसऱ्याला सोपा शॉट मिळाला असता. बॉल बेलीकडे गेला की परत येत नाही, हे समोरच्या संघालाही कळून चुकतं, आणि मग मदतीला धावणारा बचावपटू बिनधास्त धावतो.

तरीही बेलीला एका बाबतीत सूट दिली पाहिजे, आणि इथे मला रटगर्सच्या बांधणीकडे वळावं लागतं. प्रशिक्षक स्टीव्ह पाइकियल यांचा संघ आदल्या वर्षी बचावात देशातल्या उत्तम संघांपैकी होता. शॉट मात्र बास्केटमध्ये जात नव्हता. त्या बचावाचा कणा होता सेंटर क्लिफ ओमोरुयी. तो २०२४ मध्ये अलाबामा विद्यापीठाला निघून गेला, बचावातला मावोट मॅग बीवाययूला (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला). म्हणजे दोन गुण काढणारे आले आणि बास्केटखालची भिंत गेली. नोव्हेंबरमध्ये लास वेगासला रटगर्सची गाठ अलाबामाशीच पडली. हार्परने ३७ गुण केले, आणि समोरच्या संघात होता तोच ओमोरुयी. रटगर्स ९५-९० ने हरलं. संघात काय चुकलं होतं ते त्या एका सामन्यात दिसलं. असा सेंटर मागे असता तर बेली बचावात मोकळेपणाने फिरला असता. लांब हात, उडी, सामन्याला एकाहून जास्त ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट), ही मदतीला धावून येणाऱ्या खेळाडूची लक्षणं आहेत. मागे कोणी नसताना मात्र ती वाया जातात.

बाकीच्यांचं काय? ते वाईट नव्हते, चुकीच्या जागी होते. मेरीमॅकहून आलेला जॉर्डन डरकॅक त्याच्या छोट्या लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू होता. टायसन अकफ ईस्टर्न मिशिगनमध्ये सामन्याला वीसहून जास्त गुण करत होता. बिग टेनच्या अंगावर येणाऱ्या गार्डांसमोर दोघांचं ते चाललं नाही. लंगड्या गायीची म्हण कोणाला लागू पडत असेल तर ती इथे. जेरेमाया विल्यम्स मेहनती, पण लांबून शॉट नाही. प्रिन्स्टनहून आलेला झॅक मार्टिनी समजूतदार, पण पायांत वेग नाही. पहिल्या वर्षाचा सेंटर लेथन सॉमरव्हिलकडे बास्केटजवळचा हात चांगला होता. या सगळ्यांत पुढे वाढेल असा मला तोच वाटला.

परिणाम काय झाला ते निकालच सांगतात. एपी यादीत २४वा असताना केनेसॉ स्टेटकडून ७९-७७ असा पराभव. प्रिन्स्टनकडून ८३-८२. बिग टेन स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून) दोन जादा डावांनंतर ९७-८९. असे सामने सुटतात ते शेवटच्या दोन मिनिटांतल्या बचावात आणि रिबाउंडमध्ये. त्याचं खापर एकट्या बेलीवर किंवा हार्परवर फोडता येत नाही. उलट जे थोडे अटीतटीचे सामने रटगर्सने जिंकले, त्यांत हार्परचा हात वारंवार दिसतो. नोत्र दामविरुद्ध जादा डावात ८५-८४, त्यात त्याचे ३६. सीटन हॉलविरुद्ध ६६-६३, शेवटच्या क्षणी त्याचाच थ्री पॉइंटर.

इतिहास बघून हा निर्णय सोपा होईल असं समजू नका. मार्केल फुल्ट्झ वॉशिंग्टनकडून सामन्याला २३.२ गुण करत होता आणि संघ ९-२२. बेन सिमन्सचं एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) १९-१४ वर थांबलं, एनसीएए स्पर्धेला मुकलं. अँथनी एडवर्ड्सचं जॉर्जिया १६-१६, आणि त्याचा थ्री पॉइंटर तीस टक्क्यांच्याही खाली. तिघंही ड्राफ्टमध्ये पहिले गेले. एडवर्ड्स आज एनबीएच्या मोठ्या खेळाडूंत गणला जातो, फुल्ट्झच्या खांद्याने त्याचा घात केला, सिमन्सला शॉट कधी आलाच नाही. संघाच्या जय-पराजयावरून या तिघांतला फरक कोणालाच ओळखता आला नसता. शॉटच्या टक्केवारीवरूनही नाही, नाहीतर एडवर्ड्स सगळ्यांत मागे पडला असता.

तेव्हा निवडणाऱ्याने आधी स्वतःच्या संघाकडे बघावं. बॉल पुढे नेणारा, दुसऱ्याला शॉट मिळवून देणारा गार्ड तुमच्याकडे नसेल तर विचार करण्यासारखं काही उरतच नाही, हार्पर घ्या. असा गार्ड असला तरी मी हार्परच घेईन, आणि एनबीएच्या सॅन अँटोनियो संघानेही तेच केलं. डीअ‍ॅरन फॉक्स आणि स्टेफन कॅसल असे दोन गार्ड आधीच हाताशी असताना त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर तिसरा गार्ड उचलला. दोन माणसांच्या हातात बॉल असलेला संघ चालवता येतो; कोणाच्याच हातात नसलेला नाही.

बेली मी एकाच परिस्थितीत घेईन. बास्केटखाली पक्का सेंटर असावा, पास देणारा गार्ड असावा, आणि पहिली दोन वर्षं त्याने बाकावरून यावं हे चालणार असावं. बॉल हातात न ठेवता, पळत येऊन, पकडून लगेच शॉट मारायला तो तयार झाला तर तो हार्परच्या बरोबरीचा ठरू शकतो. तेवढी देणगी त्याच्याकडे आहे. फक्त ती सवय त्याला लागेल असं ठोस काही त्या एका वर्षात मला दिसलं नाही. ड्राफ्टआधी एनबीएच्या फिलाडेल्फिया संघाबरोबरचं ठरलेलं सराव सत्रही त्याच्या बाजूने रद्द झालं. एजंटचा सल्ला असेल, जागेचा हिशोब असेल, तो त्यांचा प्रश्न. पण तुमच्यापुढे एकच जागा असेल तर निवडीच्या आधी मैदानावर भेटायला न येणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही दोनदा विचार केलाच पाहिजे. युटाच्या संघाने पाचव्या क्रमांकावर ती जोखीम घेतली. पाचव्यावर ती परवडते, दुसऱ्यावर नाही.

निर्णयाआधी एकच सामना बघायला वेळ असेल तर इंडियानाचा बघू नका. ३९ गुणांनी डोळे दिपतात. यूएससीचा मागवा. दोन जादा डाव, थकलेले पाय, मोसम डोळ्यांसमोर संपत चाललेला. त्यात बॉलकडे बघू नका, बॉल हातात नसताना हे दोघं कुठे उभे राहतात तेवढंच बघा.