सीओपीडीसाठी बसून मारायची पेडल सायकल: काही महिने वापरल्यानंतर

पेडलचा जोर कमी-जास्त करायच्या नॉबचे आटे गेले म्हणून आज लिहायला बसलोय. कंपनीला फोन केला तर म्हणे, ‘तो झिजणारा पार्ट, वॉरंटीत येत नाही.’ सुटाही मिळत नाही, नवी सायकलच घ्या! शेवटी चौकातल्या सायकलवाल्याने मापाचा बोल्ट बसवून दिला. ज्या नॉबवर सगळा व्यायाम अवलंबून, तोच वॉरंटीबाहेर ठेवणं मला अजिबात पटलेलं नाही.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार; पण तिने विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही. उभा जन्म चुलीपुढे, गोवऱ्या आणि ओल्या सरपणाच्या धुरात गेला. दम लागतो म्हणून बसून राहायचं, बसून मांड्या आटतात, मग चार पावलांतच धाप. फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायच्या यंत्राने पायांत ताकद येणार नाही. म्हणून ही घेतली.

ताकद यायची तर जोर हळूहळू वाढवावा लागतो. पण मागच्या आठवड्यात नॉब कुठवर आवळला होता, हे कळणार कसं? त्यावर एकही खूण नाही! मी नेलपेंटचे ठिपके दिले. (आईची नखं मात्र कोरीच, रंगामुळे बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो.) डिस्प्लेवरच्या कॅलरी आम्ही बघतच नाही. शून्य ते दहामध्ये दम किती, हे आई सांगते. चार ते सहा असला की चालू ठेवायचं, ऑक्सिजन 88 च्या खाली गेला की थांबायचं. फरशीवर सायकल सरकते, भिंतीला टेकवून ठेवा.

पहिल्या महिन्यात मी दोनच स्टार देणार होतो, कारण फुंकून करायच्या चाचणीचा आकडा जागचा हलला नव्हता. तो हलत नसतोच, असं मॅडमनी सांगितलं. सहा मिनिटांच्या चालण्यात 30 मीटर वाढले तरी फरक पडला म्हणायचा. आईचे त्याहून जास्त वाढले. तिला सगळ्यात जास्त धाप लागायची ती वेणी घालताना, हात वर धरले की. आता सायकल टेबलावर ठेवून ती हातांनीही फिरवते आणि वेणी एका दमात, मध्ये न टेकता घालते. हे बघून मत बदललं.

चार स्टार. एक नॉबसाठी कापला. घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, आणि दुकानातच नॉब पूर्ण आवळून दोन-चार मिनिटं पेडल मारून बघा. आटे सुटत असतील तर तिथेच कळेल.