कॅप बसवलेल्या दाढेला शेवटी रूट कॅनल लागतंच का? घाटीतल्या डेंटल कॉलेजचा माझा अनुभव

मी जालन्याचा. २०१६ ला माझ्या दोन दाढांवर कॅप बसवल्या, एक डाव्या बाजूला खालची आणि एक उजव्या. दोन्हीची नस जिवंत होती, रूट कॅनल (म्हणजे आतली नस काढून मुळांच्या नळ्या साफ करून भरणं) केलेलं नव्हतं, फक्त मोठं सिमेंट भरलेलं आणि कोपरे तुटलेले म्हणून कॅप. आठ वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही. मागच्या उन्हाळ्यात मोसंबीचा गार रस पिलो आणि डावीकडं अशी कळ निघाली की ग्लास खालीच ठेवला. मग चहानं दुखायलं, मग भाकरी चावताना, आणि नंतर रात्रीचा ठणका. अडीच वाजता उठून माठातलं पाणी तोंडात धरून बसायचो, पाणी कोमट झालं की परत ठणका चालू.

पहिले गावातच एका ठिकाणी दाखवलं. एक्सरे नाही काही नाही, वरून बघितलं आणि म्हणले कॅपच्या दाढेला एक ना एक दिवस रूट कॅनल लागतंच, आता वेळ गेली, काढून टाका अन् स्क्रूचा दात बसवा. शेजारचे काका पण तेच, कॅप घातली की आतून सडतीच म्हणे. मला काही पटंना, आठ वर्षं चांगली चाललेली दाढ अशी न तपासता कामून काढायची? म्हणून सकाळच्या एसटीनं संभाजीनगरला घाटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्याच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो.

केस पेपर, छोटा एक्सरे, आणि मग रूट कॅनलच्या विभागात पाठवलं. तिथं शिकणाऱ्या एक डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी जी तपासणी केली त्यासाठीच हे सगळं लिहायलोय. आधी आरशाच्या दांडीनं एकेक दात ठोकून बघितला. मग कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो पहिले उजव्या कॅपच्या दाढेला हिरडीजवळ लावला, म्हणल्या, "काका, गार लागलं की हात वर करा अन् थांबलं की खाली." उजवीकडं वर केलेला हात लगेच खाली आला. डावीकडं मी मनात आकडे मोजत होतो, तेवीस झाले तरी कळ चालूच. मॅडमनं सांगितलं की कॅपमधून गारवा नीट पोचत नाही म्हणून एका टेस्टवर ठरवत नाहीत, एक्सरे, ठोकून बघणं, दुखण्याची पद्धत सगळं जुळावं लागतं. एक्सरेत कॅपच्या कडेखाली काळी सावली दिसली, कॅपचं सिमेंट सुटून आत कीड गेलेली. सगळं जुळलं, म्हणून डाव्या दाढेचं रूट कॅनल ठरलं.

मी विचारलं, मॅडम मग दुसऱ्या कॅपचं पण असंच होणार का? त्या म्हणल्या, नाही काका, बहुतेक नसा जिवंतच राहतात. हाँगकाँगचा २००५ मधला एक अभ्यास आहे, मेटल-सिरॅमिकच्या सुट्या कॅपखाली १० वर्षांनी शंभरातल्या साधारण ८४ नसा चांगल्या होत्या, ब्रिजला (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर टेकवून बसवलेला दात) आधार दिलेल्या दातांत मात्र ७१ च्या आसपास. म्हणजे धोका आहे, ब्रिजला जास्तच, पण ठरलेलं नाही. कॅपसाठी दात चहूबाजूनं घासावा लागतो, वरून तर दीड-दोन मिलिमीटर, मशीनला पाणी कमी पडलं तर नस तापते, आधीच खोल कीड किंवा मोठं सिमेंट असलं तर नस अगोदरच थकलेली असते, आणि वर्षांनी कडेतून गळती झाली की शेवटचा धक्का बसतो. त्यात दाताला तडा असला तर वेगळंच.

हे ऐकून मला लई बरं वाटलं, कारण आपल्याकडं उलटं पण चालतं, कॅप बसवायची म्हणून चांगली नस आधीच मारून टाकायची. माझं स्पष्ट मत आहे, कुणी असं म्हणलं तर कारण विचारा आणि एक्सरे दाखवा म्हणा.

कडेला कीड नसती तर कॅपला वरूनच भोक पाडून रूट कॅनल झालं असतं. माझी कॅप कापून काढावी लागली, कीड साफ केली, रबराचा पडदा लावून चार नळ्या धुतल्या, भरल्या, आणि नंतर नवीन कॅप. प्रत्येक टप्प्याला वरचे सर येऊन बघायचे, ते ओके म्हणल्याशिवाय पुढं काही नाही.

आता त्रासाचं पण सांगतो. लाइन असते, सरांची वाट बघावी लागते, तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो आणि माझ्या कॅपसकट पाच चकरा झाल्या, पाची दिवसांचा रोज बुडाला. ज्याला सुट्टी मिळत नाही त्याला अवघड आहे. पण खर्च खासगीत सांगितलेल्यापेक्षा कितीतरी कमी आला आणि दाढ वाचली. सकाळी लवकर जा, जुने एक्सरे असतील तर सोबत न्या, आणि दिलेली तारीख चुकवू नका.

सहा महिन्यांनी एक्सरेला बोलावलंय. उजव्या कॅपला त्यांनी हात पण लावला नाही, ती अजून जशीच्या तशी आहे, नस जिवंत.