पाठीवर तंबू घेऊन पहिली रात्र: पॉइंट रेयेस की डेसोलेशन?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात उन्हाळा आला की कुणीतरी म्हणतंच, यंदा गाडीशेजारी तंबू नको, सामान पाठीवर टाकून जाऊ. मग दोन नावं निघतात: किनाऱ्यावरचं पॉइंट रेयेस आणि टाहो तलावाजवळच्या डोंगरातलं डेसोलेशन. दोन्हीकडच्या रानाला १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याचं संरक्षण आहे. राखीव हद्दीत मोटार तर सोडाच, सायकलही चालत नाही. बाकी सगळा फरकच.

पॉइंट रेयेसला कॅम्प ठरलेले. जागा नेमून दिलेली, टेबल, संडास, आणि रॅकून फार म्हणून खाणं ठेवायला पेटी. स्काय कॅम्प जवळच्या वाटेने जेमतेम दीड मैल. दर रविवारी सिंहगड चढणारे आई-बाबा आले असतील तर त्यांना हे चालणं वाटणारही नाही. मात्र जुलैत धुक्यामुळे समुद्र दिसेलच असं नाही, सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. वाटेच्या कडेला पॉइझन ओक असतं, हात लागला की खाज-पुरळ आणणारं झुडूप, मुलांना आधी ओळखायला शिकवा.

डेसोलेशनचा थाट वेगळा. दिवसभराच्या फेरीलाही परवाना लागतो, तो फुकट. मुक्कामाचा पैसे भरून, आणि मेअखेर ते सप्टेंबरअखेर कोटा असतो, म्हणजे परवाने मोजकेच. पहिली रात्र परवान्यावरच्या झोनमध्येच काढायची. शेकोटीला पूर्ण बंदी, चहा स्टोव्हवरच. अस्वलांसाठीचा कडक डबा सक्तीचा, आणि त्यात चिवडाच नव्हे तर टूथपेस्ट, सनस्क्रीनसुद्धा जातं; पहिल्यांदा भरताना सगळं मावत नाही, घरीच भरून बघा. संडास नाही: खुरपं घ्यायचं, पाण्यापासून २०० फूट लांब सहा-आठ इंच खड्डा खणायचा. हे ऐकून अर्धे गळतात.

जे उरतात त्यांना लेक अलोहा मिळतं. सुमारे ८,१०० फुटांवर, उथळ निळं पाणी आणि त्यात ग्रॅनाइटची शेकडो बेटं. पण तारीख जपून निवडा. जूनमध्ये वाटेवर बर्फ असू शकतो, जुलैत डास फोडून काढतात, आणि हंगामाच्या शेवटी पाणी उतरून डबकी उरतात. माझं मत ऑगस्टला. समुद्रसपाटीवरून थेट गेलात तर डोकं दुखू शकतं, आदल्या रात्री टाहोला मुक्काम करा.

घरात पाच-सहा वर्षांचं पोर असेल किंवा नवीन बूट, नवीन सॅक, सगळंच नवीन असेल, तर मी डोळे झाकून पॉइंट रेयेस सांगेन. कुत्रा नेणार असाल तर निवडीचा प्रश्नच नाही: तिथल्या कॅम्पवर त्याला बंदी, डेसोलेशनमध्ये पट्टा बांधून चालतो.