पालिकेने स्वतःचा आयटीआय काढावा, की कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या पोरांच्या पाठीशी उभे राहावे?

विकास आराखड्यात राखून ठेवलेली एक जागा रिकामी आहे, हाताशी थोडा निधी आहे आणि गावातली पोरे बारावी झाली की पुण्याची गाडी धरतात. अशा पालिकेपुढे साधारण दोन प्रस्ताव येतात. पोरांना काम शिकवणे हे आपले कामच नाही, असे म्हणायची सोय नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आर्थिक आणि सामाजिक विकासाचे नियोजन बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत घातले आहे.

पहिला प्रस्ताव स्वतःच्या आयटीआयचा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने हे करून दाखवले आहे: मोरवाडीला एक आणि मुलींसाठी कासारवाडीला एक. पण त्या शहरात माणसे घेणारे मोठे कारखाने दारातच होते. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि तुकडी 20 जणांची. त्यासाठी कार्यशाळा, यंत्रे आणि कायम निदेशक, म्हणजे शिकवणारे, लागतात. इमारत एकदा बांधून होते, निदेशकांचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. हाताने चालवायच्या लेथच्या जागी संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र आले की यंत्रांचा खर्च पुन्हा उभा राहतो. मोबदल्यात मुलाच्या हातात देशभर चालणारे प्रमाणपत्र पडते, ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा प्रस्ताव शिकाऊ उमेदवारीचा. यंत्र कारखान्याचे, शिकवणारा तिथलाच कारागीर आणि मुलाला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्या विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल दरमहा 1500 रुपये, वाटा केंद्र उचलते. घरी पैसे द्यावे लागणाऱ्या मुलाला हे परवडते, दोन वर्षांचे वर्ग परवडत नाहीत.

अडचण अशी की 2019 च्या नियमांनुसार उमेदवार घेण्याची सक्ती 30 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तसल्या कुठल्याही पेठेत आठ-दहा माणसांची वर्कशॉप असतात. चार माणसांपासून पुढे त्यांना उमेदवार घेता येतो, सक्ती नाही. मालक स्वतः मशीनवर उभा असतो. ऑनलाइन नोंदणी, करार, हजेरी हे सगळे सांभाळणार कोण? शिवाय आयटीआय न केलेल्या पोराला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते आणि छोट्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी ना जागा असते ना वेळ. उमेदवारी अडते ती इथे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. शहराजवळ मोठे कारखाने असतील आणि पुढची वीस वर्षे निदेशकांचा पगार देण्याची ताकद असेल, तर आयटीआय काढा. बाकी बहुतेक शहरांनी त्या राखीव जागेवर छोटे मूलभूत प्रशिक्षण केंद्र उभारावे आणि वर्कशॉपवाल्यांच्या कागदपत्रांसाठी एक माणूस नेमावा. खर्च कमी आणि पोरगा गावातच राहतो. जागेचे आरक्षण दुसऱ्या कामासाठी असेल, तर फेरबदलाची प्रक्रिया आधीच सुरू करा, त्यात वेळ जातो.

तीन महिन्यांचे शिवण किंवा संगणकाचे वर्ग हा तिसरा प्रस्तावही कोणी आणेल. गावात त्या कामाला गिऱ्हाईक आहे का, एवढेच विचारा.

ठरावात आणखी एक ओळ घाला. सकाळच्या पाळीआधी एमआयडीसीत पोहोचणारी बस हवी. ती नसेल तर मुलींची नावे फक्त नोंदणीच्या यादीत राहतात.